‘सॅड’चं भिजत घोंगडं

शेवटी ती आलीच नाही.

हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे मागाहून कुणाची कुरकुर नको. आता हे वाक्य कुणी वाचलंच नाही असं धरून पुढे जाऊ. ती यायची आहे. टेबल पुसलेलं आहे, दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या आहेत, आणि चढणाऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आहे. शर्टाची कॉलर मानेला टोचते आहे, पण आज मानेचं ऐकून घ्यायला त्याला सवड नाही.

चढणारा हे त्याचं नाव नव्हे, हुद्दा. तो ज्या कोश कार्यालयात नोकरीला होता, तिथे इंग्रजी शब्दांच्या खानदानाची चौकशी चाले. आपण उठता-बसता जे इंग्रजी शब्द तोंडात घोळवतो ते आले कुठून, त्यांचे आईबाप कोण, तरुणपणी त्यांनी काय उद्योग केले, हे सगळं एका भल्याथोरल्या कोशात छापायचं होतं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, टायरच्या दुकानाच्या डोक्यावर. खाली दिवसभर हवा भरण्याचा फुस्स आवाज, वर दिवसभर शब्दांच्या बापजाद्यांचा शोध. दोन्हीकडची माणसं संध्याकाळी सारखीच दमलेली दिसत.

कामाची पद्धत अशी, की एक शब्द दोघांना द्यायचा. एकानं आजच्या अर्थापासून निघून वर्तमानपत्रं, त्याआधीची मासिकं, त्याआधीची पुस्तकं असं करत मागे मागे जायचं. हा चढणारा. दुसऱ्यानं थेट मुळाशी, जिथे शब्दाचा खापरपणजोबा अंगठा चोखत बसलेला असतो तिथून निघून, आजच्या दिशेनं यायचं. हा उतरणारा. झाडाचं मूळ खाली असतं, मग मुळाकडे जाणारा ‘चढणारा’ कसा, अशी शंका एका नव्या माणसानं काढली होती. मुख्य संपादक म्हणाले, “आपल्याकडे मूळ वर आहे. पूर्णविराम.” बोलणं संपवताना शेवटी ‘पूर्णविराम’ असं तोंडानं म्हणायची त्यांना खोड होती. त्यामुळे त्यांचं नावच पूर्णविराम पडलं होतं.

शब्दाचं काम चालू असताना चढणाऱ्यानं आणि उतरणाऱ्यानं एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. दोघं दोन बाजूंनी येत एकाच अर्थापाशी पोचले, की ती ‘भेट’. मग दोघांनी समोरासमोर बसून शब्दाची कुळकथा मोठ्यानं वाचायची, दोघांनी सही करायची, आणि पूर्णविरामांच्या खोलीत चहा घ्यायचा. ही सगळी यातायात कशासाठी, तर माणसाला एकट्याला सोडलं की तो कुठल्याही खानदानात हटकून एखादा राजा घुसडतो. दोघं दोन बाजूंनी निघाले की एकाचा राजा दुसऱ्याला वाटेत भेटत नाही आणि बिंग फुटतं.

चढणाऱ्याच्या जोडीला उतरणारी आली ती एन अक्षरापाशी. त्यांच्या जोडीला एन ते एस हा खंड मिळाला होता.

पहिलाच शब्द ‘नाइस’. चढणारा आजच्या ‘छान’पासून निघाला. छानच्या मागे ‘काटेकोर’ उभा होता, त्याच्या मागे ‘नखरेल’, आणि नखरेलच्या मागे, एका वळणावर, चक्क ‘मूर्ख’. उतरणारी लॅटिनमधल्या ‘ज्याला काही ठाऊक नाही असा’ या पूर्वजाचं बोट धरून निघाली होती, ती त्या मूर्खापाशी आधीच येऊन ठेपली होती.

“पोचलात?” भेटीच्या टेबलावर ती म्हणाली. “मी कधीची इथे मूर्खापाशी बसलेय.”

“आता मी आलो, म्हणजे तुम्हाला सोबत झाली,” चढणारा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

पूर्णविराम हसले नाहीत. ती मात्र एवढी हसली, की तिच्या कपातला अर्धा चहा बशीत आला. मग तिनं तो बशीतूनच प्यायला, डोळे पुसत. चढणाऱ्याला त्या दिवशी टायरच्या दुकानातली हवा आपल्याच छातीत भरल्यासारखी वाटली.

पुढे पी आला, त्यात ‘प्रिटी’ निघाली एके काळची लबाड. एसमध्ये ‘सिली’ निघाला एके काळचा धन्य पुरुष; आधी धन्य, मग भोळा, मग बिचारा, मग बावळट, अशी पायरीपायरीनं त्याची घसरण झालेली.

“बघा, कुणाच्याही घरात जरा मागे गेलं की काहीतरी निघतंच,” उतरणारी म्हणाली.

“तुमच्या घरात काय निघेल?”

“माझ्या? मागे आई, आईच्या मागे आजी, आजीच्या मागे तिची सासू. तिघींचा मिळून एकच शब्द. ‘जेवलीस?’” मग ती जिना उतरताना मागे वळून म्हणाली, “अहो चढणारे, तुम्ही आज उतरताय कसे?”

“घरी जायचंय.”

“मग माझ्या प्रांतात आलात. सांभाळून या.”

एवढंच. याच्यापलीकडे दोघांत काही घडलं म्हणावं, तर घडलं नाही. आणि घडलं नाही म्हणावं, तर चढणाऱ्याला मग संध्याकाळी घरी जाताना आपली गल्ली दोनदा ओलांडून पुढे जायची सवय का लागली, याचा खुलासा होत नाही.

मग फरशी दबायला लागली. उतरणाऱ्यांची जुनी पुस्तकं जाडजूड, चामड्याच्या बांधणीची. त्यांच्या भारानं खालच्या दुकानाच्या छताला भेग पडली. टायरवाला वर येऊन म्हणाला, “साहेब, तुमचे पणजोबा एक दिवस माझ्या डोक्यावर पडणार.” पूर्णविरामांनी भेग पाहिली, छत्रीच्या टोकानं टोचून पाहिली, आणि मग ठरलं, की सगळी जुनी पुस्तकं दुसऱ्या शहरातल्या भक्कम इमारतीत हलवायची. रेल्वेनं अख्ख्या रात्रीचा प्रवास. आणि पुस्तकांबरोबर उतरणारे तिकडे. चढणारे मात्र वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांसह इथेच. चढणाऱ्यांना काय, कालचा पेपर कुठेही मिळतो.

शेवटच्या दिवशी दोघं खोक्यांत पुस्तकं भरत होते. एनपासून एसपर्यंतचे सगळे शब्द सह्या होऊन गेले होते. फक्त एक मागे पडला होता.

“सॅड राहिला आपला,” ती सुतळीला गाठ मारत म्हणाली.

चढणाऱ्याला बोलायचं होतं भलतंच. ते जिभेच्या टोकापर्यंत आलंही होतं. पण ऐन वेळी, पानात वाढायला आलेल्या माणसाला म्हणतात तसं, तो म्हणाला, “राहू द्या.”

तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग सुतळी दातानं तोडली आणि म्हणाली, “बरं. राहू दे.”

तिथपासून सॅडचं घोंगडं भिजत पडलं.

खरं तर शब्द अवघड नव्हता. चढणारा ‘उदास’पासून निघाला. उदासच्या मागे ‘गंभीर’, आणि गंभीरच्या मागे ‘जड, घट्ट, भरीव’. न फुगलेल्या पावाला लोक सॅड म्हणत, इस्त्रीच्या भरीव लोखंडाला सॅड म्हणत, गडद रंगाच्या कापडाला सॅड म्हणत. तिकडे उतरणारी निघाली ती ‘पोट भरलेला, तृप्त’ या पूर्वजापासून. हे या शब्दाचं मूळ घराणं. लॅटिनमधला ‘पुरेसं’ हा त्याचा लांबचा भाऊबंद. ‘सॅटिस्फाय’ आणि ‘सॅच्युरेट’ ही त्या भाऊबंदाची पोरं. जर्मनीतला सख्खा चुलतभाऊ तर अजूनही जेवून हात धुतल्यावर स्वतःला तेच नाव सांगतो. सगळं कुळ खाऊनपिऊन सुखी, आणि त्या घरातलं हे एकच पोर उदास निघालेलं. तृप्तच्या पुढे उतरणारीला ‘पुरे झालं म्हणून कंटाळलेला’ भेटला, आणि कंटाळलेल्याच्या पुढे ‘जड’.

म्हणजे जडापाशी भेट ठरलेली. इकडून उदासाकडून तो, तिकडून तृप्तीकडून ती. सही करायला तिनं यायचं, चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. आणि एस संपला, की खंड संपला. खंड संपला की जोडी मोडली. हा पूर्णविरामांचा नियमच होता. जोडी फार दिवस टिकली तर दोघांच्या चुकांची आपसांत ओळख होते, आणि ओळखीच्या चुकांना माणूस माफ करतो.

चढणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट होती. शंका.

भेट ठरली की दोघांच्या पायऱ्या पूर्णविराम एकमेकांना कळवत, आणि जोडीदाराची एखादी पायरी पटली नाही, तर शंका घेता येत असे. शंका मिटेपर्यंत शब्द उघडा. अर्थात थेट विचारायचं नाही. शंका सांगायची पूर्णविरामांना, ते दर गुरुवारी तिकडे फोन करून विचारत, आणि उत्तर आणून सांगत. कोशाच्या कामात गोड बोलून कुणी कुणाला पटवू नये, म्हणून मध्ये त्यांच्यासारखा माणूस हवा, असं त्यांचं मत होतं. त्या कामाला त्यांच्याहून लायक माणूस शोधून सापडला नसता.

पहिली शंका चढणाऱ्यानं घेतली, “पोट भरलेला माणूस कंटाळतो हे कशावरून?”

गुरुवारी पूर्णविराम त्याच्या टेबलापाशी आले. “ती म्हणते, तिसऱ्यांदा आग्रह करणाऱ्या यजमानाकडे पाहुणा कसा बघतो ते बघा. शिवाय तिनं चार जुने दाखले दिलेत. पूर्णविराम.”

दुसरी शंका, “कंटाळलेला माणूस जड कसा?”

“ती म्हणते, उचलून बघा. पूर्णविराम.”

चढणारा दिवसभर त्या ‘उचलून बघा’वर तरंगत होता. हे दोन शब्द त्यानं मनात किती वेळा उलटेसुलटे करून पाहिले त्याला गणती नाही. पुढच्या गुरुवारी तिसरी शंका, त्याच्या पुढच्या गुरुवारी चौथी. शंका काढण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. एकदा तर त्यानं ‘पोट म्हणजे नेमकं कुठपर्यंत’ अशी शंका घेतली. उत्तर आलं, “ती म्हणते, गळ्यापर्यंत. पूर्णविराम.”

बाकीच्या जोड्या टी अक्षरात शिरल्या. एन ते एस खंडाची सगळी पानं छापखान्यात जुळून तयार होती, फक्त मध्ये एका शब्दाएवढी भेग.

चढणारा राहायचा बहिणीकडे. ताई मोटार चालवायला शिकवायची. शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या. घरात मात्र ताईनं दोन्ही ब्रेक स्वतःकडे ठेवले होते. मेहुणे जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा घरी यायचे आणि मुकाट बाजूच्या सीटवर बसायचे.

“काय रे,” जेवताना ताई म्हणाली, “तुझ्या त्या शब्दाचं झालं का काही?”

“शंका आहे.”

“कुणाला?”

“मला.”

“कसली?”

“तृप्त माणूस जड होतो का, याची.”

ताईनं त्याच्या ताटाकडे नजर टाकली. वाढलेलं सगळं जागच्या जागी होतं. “तुला कसं कळणार बाबा? ती गेल्यापासून तू पोटभर जेवलायस कधी?” मग चमचा खाली ठेवून ती म्हणाली, “बरं, मला अडाण्याला एक समजावून सांग. शंका मिटली तर काय होईल?”

“ती येईल. सही करायला.”

“मग मिटव की मेल्या!”

“आणि मग जाईल. दुसऱ्या चढणाऱ्याच्या जोडीला.”

“म्हणजे ती जाऊ नये, म्हणून तू तिला येऊ देत नाहीस. आणि ती येत नाही, म्हणून तुला घास गिळत नाही.”

“हो. बरोबर मांडलंस.”

“असला माणूस माझ्याकडे शिकायला आला ना, तर जन्मात लायसन्स मिळू द्यायची नाही मी त्याला. एक पाय ब्रेकवर, एक पाय ॲक्सिलरेटरवर. नुसतं पेट्रोल जळतंय.” तिनं त्याच्या पानात त्याला न विचारता आणखी वाढलं. “सरळ फोन कर. सांग, की बाई, माझं असं असं आहे.”

“आमच्यात शब्दांशिवाय कधी काही बोलणं झालेलं नाही, ताई.”

“मग लोक कशानं बोलतात? भांड्यांनी?”

एरवी अडला की तो शंका घेतो, पण ताईकडे ती सोय नव्हती.

आणि मग एका दुपारी एक भलतंच झालं. चढणारा खिडकीपाशी पेपरचा गठ्ठा सोडत होता. सुतळी दिसली, म्हणून त्याला ती आठवली. ती आठवली, म्हणून त्यानं नेहमीचं आवडतं वाक्य काढलं, डब्यातून लाडू काढावा तसं. ‘पोचलात? मी कधीची इथे मूर्खापाशी बसलेय.’

ते वाक्य त्याच्या कानात पूर्णविरामांच्या आवाजात उमटलं.

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच खर्जातला, नाकात अडकलेला आवाज. ‘तुम्ही आज उतरताय कसे’ काढून पाहिलं, तेही पूर्णविराम. ‘सांभाळून या’ काढलं. त्यात तर शेवटी ‘पूर्णविराम’ हा शब्दसुद्धा आला. इतके गुरुवार तिची उत्तरं त्या एका तोंडून ऐकून ऐकून तिचा स्वतःचा आवाज आतून पुसला गेला होता. डोळ्यांसमोर ती हसत होती, बशीत चहा सांडत होती, डोळे पुसत होती, आणि आवाज येत होता साठीच्या, छत्री बाळगणाऱ्या माणसाचा.

चढणाऱ्यानं गठ्ठा अर्धवट सोडून दिला. माणूस दुरावतो, ते ठीक. चेहरा पुसट होतो, तेही ऐकलेलं असतं. पण जिच्यासाठी आपण झुरतो ती आपल्याशी मुख्य संपादकांच्या गळ्यातून बोलू लागावी, असं संकट त्याच्या माहितीत कुणावर आलेलं नव्हतं.

तो उठला आणि तडक पूर्णविरामांच्या खोलीत गेला. “माझ्या सगळ्या शंका मागे.”

पूर्णविरामांनी चष्मा काढला. “सगळ्या?”

“सगळ्या. पोटाचीसुद्धा.”

“अचानक?”

“मला भेट हवी आहे. ताबडतोब.” त्याला वाटलं आपण फार बोललो, म्हणून त्यानं जोडलं, “छापखाना खोळंबलाय.”

त्याला एकदाच तो आवाज ऐकायचा होता. एकदा कानात नीट भरून घ्यायचा, मग जोडी मोडली तरी मोडो. तेवढ्यावर आपण कसंबसं निभावू, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब बरोबर होता की नाही, हे तपासायला जोडीदार नव्हता.

तिकडे निरोप गेला, तिकडून होकार आला. ती गुरुवारी येणार.

आणि आज गुरुवार. टेबल पुसलेलं आहे, खुर्च्या मांडलेल्या आहेत. सकाळी ताईनं स्वतः शर्टाला इस्त्री करून दिली आणि शिकवणीच्या गाडीतून त्याला कार्यालयापर्यंत सोडलं. वाटेत ती फक्त एवढंच म्हणाली, “तोंड उघड रे. दातांच्या डॉक्टरकडे उघडतोस तसं तरी उघड.”

गाडी स्टेशनात यायची वेळ झाली. ती वेळ गेली. स्टेशनपासून कार्यालयापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो तेवढाही गेला. जिन्यावर पावलं वाजली, तो टायरवाला निघाला. छताची नवी भेग दाखवायला आला होता. चढणाऱ्यानं त्याला ‘बसा’ म्हटलं नाही, कारण रिकामी असलेली एकच खुर्ची तिची होती.

मग पूर्णविरामांच्या खोलीत फोन वाजला. बराच वेळ ‘हं’, ‘हं’, ‘असं’, ‘हं’ चाललं. मग ते बाहेर आले.

“ती येत नाही. पूर्णविराम.”

चढणाऱ्यानं टोचणाऱ्या कॉलरचं बटण काढलं. “बरी आहे ना?”

“ठणठणीत. तिला शंका आली आहे.”

“काय आली आहे?”

“शंका. तुमची शेवटची पायरी पटत नाही म्हणते. जड झालेला माणूस उदासच कशावरून? नुसता झोपाळलेला कशावरून नाही? पुरावा द्या म्हणते.”

“पण ही पायरी तिनं कधीच मान्य केलेली होती.”

“तेच मी म्हटलं. तर म्हणाली, काल रात्री गाडीत चढता चढता शंका आली. रात्रभर तिथेच बसून होती म्हणे; फोन स्टेशनवरूनच होता, मागे शिट्टी ऐकू येत होती. सामान घेऊन फलाटापर्यंत गेलेली बाई शंका आली म्हणून परत फिरते. मी म्हटलं, अहो, ही तर तुमच्या जोडीदाराच्या शंकांइतकीच बिनबुडाची शंका आहे. तर हसली.”

“हसली?”

“हसली. मग म्हणाली, पुरावा सविस्तर पाहिजे, पण त्यांना सांगा घाई नाही.”

“घाई नाही असं म्हणाली?”

“दोनदा म्हणाली.” पूर्णविरामांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. “तुम्हा दोघांना एकसारखा वेडेपणा एकाच वेळी सुचतो कसा, हे मला कळत नाही. म्हणूनच मी जोड्या मोडतो.” आणि या वेळी ते पूर्णविराम म्हणायला विसरले.

संध्याकाळी ताईला त्यानं हे सगळं सांगितलं. ती गाडी धूत होती. तिनं पाण्याचा पाइप खाली टाकला. पाइप नागासारखा फिरत त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर पाणी उडवत राहिला. तो हलला नाही.

“अरे गाढवा,” ताई म्हणाली, “अरे दीडशहाण्या गाढवा, तुला कळलं का काय झालं ते?”

“अंदाज आहे. पुरावा नाही.”

“पुरावा! फलाटावरून परत गेली ती बाई! तू शंका काढत होतास म्हणून ती निवांत होती. तू शंका मिटवल्या, तर ही बिचकून मागे फिरली. तुम्ही दोघं एकाच गाडीत बसून दोन्ही ब्रेक दाबून धरलेत. मला ह्या धंद्यात इतकी वर्षं झाली, असं मी पाहिलेलं नाही.” तिनं गाडीचं दार उघडलं. “बस. आत्ता निघू. सकाळी तिच्या दारात सोडते तुला.”

त्याचा एक पाय गाडीत गेलाही. मग तो थांबला.

“गेलो तर ती भेट होईल, ताई.”

“व्हायलाच हवी!”

“भेट झाली तर सही करावी लागेल. सही झाली की शब्द संपला. मग तिनं विचारलं, ‘आता काय’, तर?”

“तर बोल की काहीतरी!”

“आणि ते तिला पुरेसं वाटलं नाही, तर? आत्ता निदान तिला घाई नाही.” हे बोलताना त्याचा आवाज इतका खाली गेला, की पाइपातल्या पाण्यानं तो जवळजवळ बुडवला. “ताई, एखादी बाई घाई नाही असं दोनदा म्हणते. असं माझ्या बाबतीत पूर्वी कुणी एकदाही म्हटलेलं नाही.”

ताईनं नळ बंद केला. त्याच्या ओल्या खांद्यावर तिनं हात ठेवला. दार तिनं उघडंच ठेवलं. बराच वेळ गाडीतला छोटा दिवा जळत राहिला.

सकाळी पूर्णविरामांनी त्याला खोलीत बोलावलं.

“छापखान्याचा निरोप आहे. महिनाअखेर एन ते एस खंड छापायला घेणार. तोवर सॅडवर सह्या झाल्या तर ठीक. नाहीतर शब्द वगळायचा.”

“वगळायचा? मग लोक उदास असतील तेव्हा कोशात काय बघतील?”

“शेजारचा शब्द बघतील. ‘सॅडल’ आहे तिथे. खोगीर. पूर्णविराम.”

“आणि जोडी?”

“सह्या झाल्या तरी मोडते, वगळला तरी मोडते.”

चढणारा टेबलाच्या कडेला धरून उभा होता. “तिसरा काहीच मार्ग नाही?”

पूर्णविराम नियम कधी लपवून ठेवत नसत; विचारला की सांगत, मग तो कितीही निरुपयोगी असो. “आहे. शब्द वापरातून गेला, लोकांच्या तोंडी उरलाच नाही, तर तो मृत शब्दांच्या पुरवणीत जातो. पुरवणी सगळ्यात शेवटी, झेड झाल्यावर. ती कधी निघणार हे कुणालाच ठाऊक नाही. तोवर त्या शब्दाची जोडी कायम, शंका चालू.”

“म्हणजे लोकांनी सॅड म्हणणं बंद केलं, तर.”

“तर.”

“किती लोकांनी?”

“सगळ्यांनी. पूर्णविराम.”

चढणारा आपल्या टेबलाशी आला. खाली कुणाच्या तरी टायरमध्ये हवा भरत होते. काम अवघड होतं यात वाद नाही. पण अशक्य म्हणजे नेमकं काय, याबद्दल त्याच्या मनात शंका होती, आणि शंका असली की त्याला हुरूप येई. त्यानं टाइपरायटर पुढे ओढला, कोरा कागद चढवला, आणि कार्यालयीन भाषेत, कुठेही खाडाखोड न करता, एका दमात टाइप केलं:

प्रति,
इंग्रजी बोलणारे समस्त लोक,
जेथे असतील तेथे.

विषय: ‘सॅड’ हे विशेषण वापरातून कायमचे काढून टाकण्याबाबत.

महोदय / महोदया,

उपरोक्त विशेषण आपण दीर्घकाळ वापरत आहात. सदर विशेषण मूळचे सुखी व भरल्या घरचे असून, त्याची सांप्रतची अवस्था आपल्या वापरामुळेच झाली आहे, असे आमच्या चौकशीत निदर्शनास आले आहे. सदर विशेषण वापरातून गेल्यास या कार्यालयातील एक काम अनिश्चित काळ चालू राहू शकते, व ते चालू राहणे अर्जदारास अत्यंत निकडीचे आहे.

तरी, आपण सर्वांनी चालू महिनाअखेरपासून सदर विशेषण बोलणे, लिहिणे व मनात आणणे पूर्णपणे बंद करावे. अगदीच राहवले नाही, तर आधी पोटभर जेवून घ्यावे आणि मग पुन्हा विचार करावा. मात्र या बंदीतून दोन व्यक्तींना, एक चढणारा व एक उतरणारी यांना, पुढील आदेशापर्यंत सूट मिळावी, कारण त्यांची शंका अद्याप मिटलेली नाही, ही नम्र विनंती.